ढिम्म्याचं काय करायचं

४ फेब्रुवारी

कप्तान,

तुला काय म्हणून हाक मारावी या विचारात माझी कालची अख्खी दुपार गेली. सूनबाई म्हणावं, तर कोर्टाने ते काढून घेतलं. नावाने लिहावं, तर नावाने मी तुला कधी हाक मारलेलीच नाही. 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावरच आपलं सगळं निभावलं. मग आठवलं, आपल्या गेममधल्या जहाजावर तू कप्तान आहेस आणि मी खलाशी. ते पद अजून कुठल्या न्यायाधीशाने रद्द केलेलं नाही.

फोन करत नाही, कारण चिरंजिवांना तसा शब्द दिला आहे. तो म्हणाला, "आई, तिला फोन करायचा नाही." मी "बरं" म्हटलं. पत्राबद्दल तो काही बोलला नव्हता. तुझं टपाल अजून इकडेच येतं, ते सोबत पाठवते आहे. त्यात तू आता दात घडवतेस त्या नव्या लॅबचं पाकीट होतं, पत्ता त्यावरूनच घेतला. कृत्रिम दातांच्या छटांचं एक पुस्तकही आलं आहे. मी ते चाळलं, राग मानू नकोस. पांढऱ्याला इतके पांढरे असतात हे तू सांगायचीस, पण मला ते खरं वाटायचं नाही.

लिहिण्याचं कारण ढिम्म्या. तो खात नाही.

तो गेममधला प्राणी आहे आणि कुणीतरी कुठल्याशा कचेरीत बसून जसं लिहिलं तसा वागतो, हे मला कळतं. मी नोकरीभर बस स्थानकावर घोषणा केल्या. लोकांना वाटायचं बाई आपल्याशीच बोलतात, आणि मी समोरचा कागद वाचत असायचे. तेव्हा लिहून ठेवलेलं बोलणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. तरी सांगते, तो खात नाही. मिठाचा खडा पुढे धरला की हुंगतो आणि मान फिरवतो. पाठीवर जमलेला बर्फ खरवडू देतो, पण माझ्यावर उपकार केल्यासारखा. एरवी सहाही पाय पोटाखाली घेऊन तुझ्या झोपायच्या फळीखाली पडून असतो. त्याच्या नावावर बोट ठेवलं की अक्षरं येतात, 'याचा एक पालक बरेच दिवस दिसलेला नाही.'

एकदा येऊन जा. माझ्याशी बोलायला हवं असं नाही, माइक बंद ठेव. त्याला दिसलीस तरी पुरे.

इकडे सगळं ठीक. मी एकटी असते वगैरे समजू नकोस. चिरंजीव पुलांच्या तपासणीतून सुटला की येऊन जातो.

खलाशी


२६ फेब्रुवारी

कप्तान,

उत्तर नाही. हरकत नाही, कामात असशील.

ढिम्म्या आता अर्धा खडा खातो. मी त्याला रोज थोडं वाचून दाखवते. वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून तुझं छटांचं पुस्तक माझ्या बस स्थानकाच्या आवाजात वाचलं, ते तुला पाठवण्याआधी. त्याने कान टवकारले. काय ते लोंबते कान, उभे राहिले की खोलीतले पडदे कुणी वर ओढल्यासारखे वाटतात.

आज बसल्या बसल्या तो आपल्याला मिळाला ते दिवस आठवले. तुझा पाय प्लास्टरमध्ये होता आणि माझी निवृत्ती नवीन होती, म्हणजे घरात दोन माणसं आणि दोघींना करायला काही नाही. मी दिवसभर तुझ्या चुका काढत होते. भांडी अशी का लावलीस, उशी तशी का ठेवलीस. तू एकदाही उलटून बोलली नाहीस. शेवटी म्हणालीस, "आई, खुर्ची घेऊन इथे बसा. तुम्हाला जरा अंतराळात नेते." मला वाटलं, टोमणा मारते आहे. तू खरोखर हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवलेस.

मग ते सगळं शिकणं. मी जहाज किती वेळा धडकवलं ते तुलाच माहीत. बाजारात चमचमते पक्षी, दोन तोंडांची मांजरं, काय नव्हतं. मी म्हटलं, "घे की एखादं." तू म्हणालीस, "विकतचं नको. आपणहून येईल ते घेऊ." आणि नेलंस मला त्या धुक्याच्या चंद्रावर, जिथे हातातली हत्यारं खाली ठेवायची, दिवा विझवायचा आणि नुसतं बसायचं. इतर खेळाडू जाळी घेऊन आपल्या शेजारून धावायचे. एकाने विचारलं, "आजी, यंत्र अडकलं का?" आपण रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. समोर तो धोंडा, आणि तो धोंडा म्हणजेच प्राणी आहे असं तुझं म्हणणं. मी म्हणायचे, "कसला प्राणी, ढिम्म हलत नाही." नाव तिथेच पडलं.

शेवटी वैतागून मी माइकमध्ये म्हटलं, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. फलाटावर उभ्या असलेल्या ढिम्म महाशयांची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे." आणि त्याने डोळे उघडले. तू इतकी हसलीस की प्लास्टरमधला पाय दुखला म्हणून रडलीस.

त्या वेळी चिरंजीव दारात उभा होता. "काय चाललंय दोघींचं?" म्हणाला, चार्जर घेतला आणि गेला. हे मला का आठवलं कोण जाणे.

खलाशी


१९ मार्च

कप्तान,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, मुंग्यांनी रांग सोडल्यासारखं.

तू लिहितेस, 'ढिम्म्याला कुणाला तरी देऊन टाका, मला त्या जहाजावर पाय ठेववत नाही.' तुझं म्हणणं मी मानलं. बाजारात पाटी लावली. एक गृहस्थ आले, डोक्यावर शिरस्त्राण, नाव 'विध्वंस' का असंच काही. म्हणाले, "शर्यतीत चालेल का?" मी म्हटलं, "मुळात चालतच नाही." तरी त्यांना तो हवा होता, त्याचं कातडं गोळी झेलतं म्हणून. मी पाटी काढली. पुन्हा लावायला सांगू नकोस.

आता दुसरं. तुझं पाकीट मी जेवणाच्या टेबलावर विसरले आणि चिरंजीव त्याच दिवशी आला. अक्षर त्याने ओळखलं. पाकीट उघडलं नाही, तेवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. नुसतं समोर धरून म्हणाला, "हे काय आहे?"

"पत्र."

"तू कुणाच्या बाजूने आहेस, आई?"

"बाजू कसली. मी मधल्या खोलीत असते," मी म्हटलं. त्याला हसू आलं नाही. मलाही बोलून झाल्यावर बरं वाटलं नाही.

तो खुर्चीत बसला. बूटसुद्धा काढले नाहीत. म्हणाला, "शेवटच्या वर्षात ती माझ्याशी दोन ओळी धड बोलली नाही. आणि तुला पत्रं लिहिते. मी घरी यायचो तेव्हा तुम्हा दोघींच्या हसण्याचा आवाज ऐकत जिना चढायचो. दार उघडलं की तुम्ही गप्प. मला वाटायचं, मी पाहुणा आहे."

मी म्हटलं, "गप्प नाही रे, आम्ही जहाज थांबवायचो."

"तेच ते," तो म्हणाला.

तो उगाच बोलतो असं मी म्हणणार नाही. तुम्हा दोघांत काय झालं ते मी कधी विचारलं नाही आणि आताही विचारणार नाही. पण माझा मुलगा आपल्याच घरात पाहुणा होता, हे तो सांगेपर्यंत मला दिसलं नाही. आणि तुझ्याशी बोलणं मी थांबवलं, तर त्याला त्याचं घर परत मिळेल का? याचा विचार करते आहे.

या पत्रांचा तुला त्रास होत असेल तर उत्तर देऊ नकोस. मी समजून घेईन. पण माझं लिहिणं बंद होईल असं मात्र नाही.

खलाशी


२ मे

कप्तान,

मध्ये खंड पडला. डोळ्याचं किरकोळ काम होतं. तुला कळवलं नाही, कारण तू धावत आली असतीस, किंवा आली नसतीस. दोन्हींपैकी काय झालेलं मला सोसवलं असतं, ते ठरेना. मोतीबिंदूच तो, सगळ्यांना होतो. आता स्पष्ट दिसतं आहे. इतकं स्पष्ट की घरातल्या भिंती कुठल्या रंगाच्या आहेत हे पाहून धक्का बसला. तू म्हणत होतीस रंग द्यायला हवा, ते बरोबर होतं.

पण सांगायचं आहे ते वेगळंच. डोळ्यावर पट्टी होती तेव्हा डॉक्टरांनी स्क्रीन बघायला बंदी केली. चिरंजीव रजा काढून आला होता. मी पलंगावर पडून नुसती चुळबुळ करत होते. तो म्हणाला, "दुखतंय का?" मी म्हटलं, "नाही. ढिम्म्याने काल काही खाल्लं नाही." मला वाटलं आता ऐकवेल. थोड्या वेळाने खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"काय करायचं सांग."

मी पलंगावरून सांगत गेले. जहाजात ये, डावीकडचं दार, खालची फळी. तो म्हणाला, "हा धोंडा आहे." मी म्हटलं, "तोच." त्याने खडा पुढे केला. ढिम्म्या मागे सरकला. त्याने पुन्हा पुढे केला. ढिम्म्या भिंतीला टेकला.

"माझ्याकडे येत नाही."

"हातात काय आहे तुझ्या?"

"खडा. आणि दिवा."

"दिवा विझव. खडा जमिनीवर ठेव आणि बस."

"अंधारात मला दिसणार कसं?"

"तुला दिसायची गरज नाही."

"किती वेळ बसायचं?"

"ते तो ठरवेल."

तुला माहीत आहे तो कसा आहे. पुलाला कान लावून भेग शोधेल, पण माणसासमोर नुसतं बस म्हटलं की त्याचा पाय हलायला लागतो. खुर्ची करकरत होती. "आता?" म्हणाला. मी गप्प. "आता?" मी गप्पच. मग खुर्चीची करकर थांबली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. आणि मग स्पीकरमधून मीठ कुरतडल्याचा आवाज आला.

"आई," तो अगदी हळू म्हणाला, "खातोय."

मला पट्टीखाली रडायची परवानगी नव्हती, त्यामुळे मोठी पंचाईत झाली.

बऱ्याच वेळाने म्हणाला, "तिने मला यात कधी बोलावलं नाही."

"बोलावलं होतं. तू म्हणालास, आलोच."

पुढे तो माझी पट्टी निघेपर्यंत रोज न सांगता खुर्चीत जाऊन बसत होता. बर्फ खरवडायला मात्र त्याला शेवटपर्यंत जमलं नाही, ढिम्म्याचा एक कान जवळजवळ सोलून काढला.

यातून तू काही अर्थ काढू नकोस. तुमचं पुन्हा जुळावं म्हणून मी हे लिहीत नाही. जे मोडलं ते तुम्ही दोघांनी नीट विचार करून मोडलं, मी तिथे लुडबुड करणार नाही. तो खुर्चीत बसला होता, हे तुला माहीत असावं, एवढंच.

खलाशी


११ जून

कप्तान,

हे पत्र जरा गंभीर आहे.

गेमवाल्यांची सूचना आली आहे. धुक्याच्या चंद्रावरून या महिन्याच्या शेवटच्या रविवारी ढिम्म्याच्या जातीचा कळप जाणार आहे. वयात आलेले प्राणी त्यात सोडता येतात. सोडलं नाही तर तो आपल्याकडेच राहतो, पण मग झोप वाढत जाते, आणि एक दिवस तो खरोखरच धोंडा होतो. मी दोनदा वाचलं. असलं काही लिहिणाऱ्या माणसाच्या घरातून कोण निघून गेलं असेल, असा विचार मनात आला.

ज्याला दोघांनी वाढवलं, त्याला सोडायला दोघांनीही जहाजातून खाली उतरायच्या उतरणीवर उभं राहावं लागतं. एकीने चालत नाही. चिरंजीव म्हणाला, "मी उभा राहतो." मी त्याला समजावलं की त्याचं नाव तिथे नाही. त्याने मान हलवली.

म्हणून तुला बोलावते आहे. संध्याकाळी सहा वाजता.

बोलावतेच आहे तर खरं तेही लिहिते. मी पहिल्या पत्रात म्हटलं होतं की लिहिण्याचं कारण ढिम्म्या. ते निमित्त होतं. तू गेलीस त्या सकाळी मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर दाराशी तुझ्या चपला नव्हत्या. टेबलावरचा तुझा मेण वितळवायचा दिवा, ते चिमुकले चाकू, प्लास्टरचे जबडे, सगळं गेलेलं. एवढं सामान तू आवाज न करता कसं बांधलंस, याचं मला आधी नवल वाटलं आणि मग कळलं की तू माझ्या आंघोळीचीच वाट बघत होतीस. मी ते धरून बसलेली नाही. म्हणजे बसलेली आहे, पण तुला दोष म्हणून नाही. मला फक्त कळत नाही की नवऱ्याला सोडताना सासूलाही सोडावंच लागतं का. कदाचित लागत असेल. तसा नियम असेल तर मला एकदा स्पष्ट सांग, म्हणजे मी तशी राहीन.

ढिम्म्याला सोडावं असं माझं मत आहे. मत आहे म्हणजे मला ते आवडतं असं नाही.

तू आली नाहीस तर मी त्याच्यापाशी बसेन. झोपला तरी बसेन. पण तो जागा असताना स्वतःसारख्या दुसऱ्या कुणाला भेटावा, असं वाटतं.

खलाशी


१ जुलै

अगं,

परवाच इतकं बोललो, तरी लिहिते आहे. तू हेडफोन काढलेस त्यानंतरचं तुला माहीत नाही. शिवाय तुझ्या बाजूने काय दिसलं कोण जाणे, माझ्या बाजूने जे दिसलं ते लिहून ठेवावंसं वाटतं.

मी लवकर जाऊन उतरणीवर उभी होते. सहा वाजून गेले तरी तू नव्हतीस. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की रागवायचं नाही. तेवढ्यात तो फळीखालून निघाला. त्याला स्वतःहून जागचं हललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दाराकडे गेला आणि उभा राहिला. मला वाटलं कळपाची चाहूल लागली. मागे वळले तर तू होतीस, तोच जुना निळा अंगरखा, खांद्यावरचा एक दिवा फुटलेला.

हेडफोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता. मग तू म्हणालीस, "केवढा झालाय."

मी म्हटलं, "वाचन करून."

तू हसलीस आणि मध्येच थांबलीस. "आई, त्या सकाळी मी मुद्दाम तुमची आंघोळीची वेळ धरली. तुम्ही दारात उभ्या असतात तर माझं पाऊल निघालं नसतं. आणि मला निघायचंच होतं."

"बरं," मी म्हटलं. एवढे महिने जे गिळून बसले होते त्याला उत्तर म्हणून माझ्या तोंडातून 'बरं' एवढंच निघालं. पण ते खरं 'बरं' होतं, तुला कळलं असेल.

मग धुक्यातून तो आवाज आला, जमिनीखालून कुणी पेटारे ओढावेत तसा. आपण दिवे विझवले. ढिम्म्या उतरणीच्या टोकापर्यंत गेला आणि बसला. कळपातले ते एवढाले देह एकेक करून समोरून चालले आणि हा आपला बसलेला. तू म्हणालीस, "जाणार नाही हा." मी म्हटलं, "थांब." तू माझ्या शेजारी आलीस. स्क्रीनवरच आलीस, पण माझा उजवा खांदा गरम झाला, खोटं कशाला सांगू. शेवटचा प्राणी जायला आला तेव्हा हा उठला. मागे बघेल असं वाटलं होतं. बघितलं नाही. अंग झाडलं, पाठीवरचा बर्फ उडाला आणि चालता झाला. चालतो तर चांगला. इतके दिवस आपल्याला फसवलंच म्हणायचं.

अक्षरं आली, 'हा प्राणी आता कुणाचाही नाही.' तू ते मोठ्याने वाचलंस. मग विचारलंस, "आता मी तुम्हाला कुठल्या नात्याने भेटायला यायचं?" मी म्हटलं, "नातं सापडेपर्यंत येत राहा." तेव्हा तू म्हणालीस, "तुम्हीच या. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, आणि एकीच्या भिंतीला तुम्हाला हवा तो पांढरा देऊ." मी येते म्हटलं. ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं, पुढच्या शुक्रवारची बस पाहिली आहे.

आता तू गेल्यावरचं. मी हेडफोन काढून मागे वळले, तर चिरंजीव दाराच्या चौकटीत उभा होता. कधीपासून, ते विचारलं नाही. तुझा आवाज त्याला ऐकू आला नसणार, माझं बोलणं तेवढं ऐकलं असेल. आत आला आणि रिकाम्या जहाजाकडे पाहत खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

मी म्हटलं, "शुक्रवारी मी तिच्याकडे जाते आहे. आठवडाभर राहीन. तुला चोरून जाणार नाही, म्हणून आत्ताच सांगते. आणि फोन करायचा नाही हा शब्दही परत घेते. मी तुझी आई आहे आणि तिचीही कुणीतरी आहे. तुला त्याचा त्रास होईल, ते मला माहीत आहे."

मला वाटलं, तो बॅग उचलून निघेल. त्याऐवजी खाली बसला, जमिनीवर, माझ्या खुर्चीला टेकून. लहानपणी बसायचा तसं म्हणणार होते, पण लहानपणीही हा असा कधी बसला नव्हता.

"होईल त्रास," तो म्हणाला. "पण तू जा."

मग म्हणाला, "तिला सांग..."

"काय सांगू?"

"काही नाही." थोडा थांबला. "तो कळपात गेला, ते बरं झालं म्हणावं."

म्हणून सांगितलं.

मी